पानमळ्याच्या कडेपर्यंत

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

केंद्राच्या तपासणी-फॉर्मवर शेवटी ‘इतर’ असा रकाना आहे. दीड ओळीचा. आज घरभेटी सुरू झाल्या आणि पहिल्याच घरी तो भरला. म्हणून ही वही.

केंद्र म्हणजे बोईसरमधल्या दोन खोल्या. एकीत चालायला शिकायच्या समांतर दांड्या आणि कुठेच न जाणाऱ्या चार पायऱ्या, दुसरीत केंद्रप्रमुख शैलेश सर आणि फायली. पक्षाघाताचे पेशंट इस्पितळातून घरी गेले की केंद्राकडे फिरकत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी स्कूटरवरून किनाऱ्याच्या गावांना जायचं असं ठरलं. फिजिओथेरपिस्ट मी एकटीच, त्यामुळे चर्चा फार झाली नाही.

पालघरजवळचं माहीम. कृष्णकांत काका, वय बासष्ट, पानवेलीचे बागायतदार. सप्टेंबरमध्ये पक्षाघात, उजवी बाजू. जीभ जड, पण समजतं सगळं. हात खांद्यापर्यंत उचलतात, मूठ अर्धीच वळते. चालताना उजव्या पायाचा पंजा लोंबतो आणि बोटं जमिनीला घासतात.

तोलाच्या चाचणीत चौदा कामं असतात: उठणं, उभं राहणं, वळून मागे बघणं, एका पायावर थांबणं वगैरे. प्रत्येकाला चार गुण. खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून परत बसायला त्यांना एकतीस सेकंद लागले.

“किती मार्क पडले यांना?” काकांच्या पत्नीने विचारलं. त्यांना सगळे माई म्हणतात.

“छप्पन्नपैकी तेहेतीस.”

“म्हणजे पास.”

“यात पास-नापास नसतं, माई.”

“असं कसं? मार्क हायत तर पास-नापास असनारच.”

काका म्हणाले, “शाळेत... एवढे... कधी नव्हते.” वाक्याला नऊ सेकंद लागले. विनोद जागेवर होता.

‘रुग्णाचं ध्येय’ या रकान्यासाठी विचारलं, तर एकच शब्द आला: “पानमळा.” मी लिहिलं, ‘बागेत फिरणे.’

चहा नाकारला. पेशंटच्या घरी काही घ्यायचं नाही हा माझा नियम आहे. माई म्हणाल्या, “चहाला काय फॉर्म भरायला लागतो का?”

६ डिसेंबर, शुक्रवार

आज मुलगा भेटला, कुशल. बोईसरला एका कारखान्यात वेल्डिंगची माणसं सांभाळतो. बायकोबरोबर तिथेच राहतो आणि शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा माहीमला येतो. मुद्द्याचं बोलतो, त्याचं मला बरं वाटलं.

मुद्दा असा. पानवेल शेवरीच्या खांबावरून चढत टोकाला पोचली की खाली उतरवावी लागते. जुनी वेल सोडवून, तिची वेटोळी करून बुंध्याशी मातीत पुरायची, म्हणजे शेंड्याकडून ती पुन्हा नव्याने चढते. एक वर्ष चुकलं तर पान बारीक होतं, दोन वर्षं चुकलं तर मळा गेला. गेल्या वर्षी पावसाने चुकलं. यंदा फेब्रुवारीत उतरवायलाच हवी, आणि या घरात ते काम काकांशिवाय कुणी केलेलं नाही.

“मला ते येत नाही मॅडम, खोटं कशाला बोलू? बाबा उभे राहिले तर मळा राहील. नाही तर पंधरा फेब्रुवारीला जेसीबीवाला येतो. मळा साफ करून समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधू.”

“काकांना हे माहीत आहे?”

“त्यांच्यासमोरच ठरलं. काही बोलले नाहीत. तुम्ही तपासा. तुमच्या कागदावर जे येईल ते मी मानतो.”

शेवटचं वाक्य मला आवडलं. कागद मानणारी माणसं कमी भेटतात.

निघताना मळा बघायला गेले. घरामागे वाडी, नारळ-सुपारी ओलांडली की उंच कुडाचं कुंपण, आणि त्याच्या आत अंधूक हिरवं. बायडी नावाची बाई तिथे पानं खुडत होती. अंगठ्याला पत्र्याची नखी लावून देठ तोडते. डोंगराकडच्या पाड्यावरून येते, बारा वर्षं इथेच कामाला आहे.

“बाय, तशी आत नको येव. पायताण काढ.”

माझे बूट नाडीचे. आत माती, बाहेरही मातीच, त्यामुळे कारण कळलं नाही. विचारलंही नाही, कारण शिरगावच्या पेशंटकडे साडेअकराला पोचायचं होतं. बाहेरूनच पाहिलं. वाट एक फूट रुंद, दोन्ही बाजूंना वेली, माती ओली.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्प्लिंट आला. पालघरचा प्रदीप बनवतो. पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची पट्टी, तिच्यामुळे पंजा लोंबत नाही. ती बुटात घालायची, म्हणून एक माप मोठा बूट घेतला.

फरक लगेच दिसला. एकतीस सेकंदांचे बावीस झाले. बोटं एकदाही घासली नाहीत. काका खाली बघत राहिले, जणू पाय दुसऱ्याचा आहे.

मग म्हणाले, “बूट... धुता येतो?”

“नको. पट्ट्याचं चिकट जातं. ओल्या फडक्याने पुसा, बस.”

त्यांनी मान हलवली. स्वच्छतेची आवड असलेले पेशंट मला बरे वाटतात.

२७ डिसेंबर, शुक्रवार

एक्केचाळीस गुण. घरासमोरच्या रस्त्यावर साठ मीटर, काठीशिवाय. शेजारच्या ओट्यावरून एकजण ओरडला, “कृष्णकांत, वरात कुनाकडं?” काकांनी उत्तर जुळवेपर्यंत आम्ही पुढे निघून गेलो होतो. मग ते थांबले, पूर्ण वळले (वळणं: चारपैकी चार) आणि म्हणाले, “तुझ्या... सासऱ्याकडं.”

माई दारात इतक्या हसल्या की त्यांनाच भिंतीचा आधार घ्यावा लागला.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

सेहेचाळीस गुण, सोळा सेकंद. पंचेचाळीसच्या वर पडण्याचा धोका बराच कमी मानतात. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, सगळं स्वतःचं स्वतः. फक्त शर्टाचं वरचं बटण माई लावतात.

सांगितलं, “उद्यापासून रोज दोनदा स्प्लिंट आणि बूट घालून मळ्यापर्यंत जायचं. आतही एक फेरी मारायची.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग माई बसल्या होत्या तिकडे. माई चुलीवरचं बघायला आत गेल्या होत्या. माईंना खुणा करायला तक्ता दिला: रस्ता, मळा, रस्ता, मळा.

१४ जानेवारी, मंगळवार

तक्त्यात रस्त्याच्या खुणा तेरा. मळ्याच्या शून्य.

“जातच नाय,” माई म्हणाल्या. “मागच्या ओट्यावर बसून बघत ऱ्हातात मळ्याकडं. मी म्हनते जावा की हो, तर म्हनतात, उद्या.”

काकांना विचारलं, दुखतं का? नाही. चक्कर? नाही. भीती वाटते? यावर ते थांबले. मग “नाय.” मन उदास आहे का याचे प्रश्न विचारले. झोप चांगली, भूक चांगली. रडणं नाही, चिडणं नाही.

मी त्यांच्यासमोर मागच्या ओट्यावर उभी राहिले आणि म्हटलं, “काका, तुमचा पाय चालतो. माझ्याकडे आकडे आहेत.” ते म्हणाले, “हो.” आणि मळ्याकडे बघत राहिले.

संक्रांत होती. तिळगूळ घेतला, कारण तो नाकारण्याबद्दल माझ्या नियमात स्पष्ट काही नाही. माई म्हणाल्या, “गोड बोल म्हनायचं असतं, पन ही पोर गोड नाय बोलत. बरोबर बोलते.” हे कौतुक होतं असं धरते.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारीही शून्य. आज कुशलने कागद मागितला. तीन आठवडे राहिलेत, जेसीबीवाल्याला पक्कं सांगावं लागेल म्हणाला. वाजवी मागणी.

ओट्यावर बसून अहवाल लिहिला. सगळे आकडे, आणि शेवटी दोन वाक्यं: ‘चालण्याची शारीरिक क्षमता पुरेशी आहे. पानमळ्यात जाण्याची इच्छा दिसून येत नाही.’

कुशलने तो तिथेच मोठ्याने वाचला. माई दारात होत्या, काका खुर्चीत. मग कुशल म्हणाला, “बाबा, इच्छाच नव्हती तर मला सांगायचं होतं. मी इतके दिवस उगाच...” आणि फोन घेऊन अंगणात गेला.

काकांनी वाकून बुटाचा पट्टा सोडला. डाव्या हाताने, एका झटक्यात. हे त्यांना याआधी जमत नव्हतं. नोंद केली.

घरी येताना दोनदा वाटलं की वाक्य बरोबर आहे. तिसऱ्यांदा असं का वाटावं लागतंय, ते कळलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

माईंनी चहा विचारला नाही. म्हणजे नियम पाळला गेला.

बूट कोपऱ्यात होता, स्प्लिंट त्यावर उलटा. काका अनवाणी बसले होते. व्यायाम नको म्हणाले. पाय तरी बघू द्या म्हटलं. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं, बोटांच्या टोकांना खरचटलेलं, त्यात वाळलेली काळी माती. कसं लागलं? “नाय माहीत.” माईंनाही माहीत नव्हतं. घरात ते भिंत धरून फरशीवर अनवाणी चालतात, तिथे असं लागत नाही.

मी स्कूटरकडे गेले तर मागून बायडी आली. टोपली डोक्यावरच होती.

“बाय, तू शेठच्या नावानं कागद लिवलास?”

“हो.”

“काय लिवलास? शेठला मळ्यात जायाचं नाय?”

“इच्छा दिसत नाही, असं लिहिलं.”

तिने टोपली खाली ठेवली. “मी पाटं सहाला येतं. रोज बघतं. शेठ एकटा येतो, माई निजलेली. कुडाला धरून आत दोन पावलं टाकतो, तीन टाकतो. पाय चिखलात रुततो, बोटं मुडपतात. खांबाला धरून उभा ऱ्हातो, मंग मागं फिरतो. एकदा पडला. वेलीवर नाय पडला, मुद्दाम पाटाच्या पान्यात पडला.”

“कधीपासून?”

“तू बूट दिलास तवाच्यापासून. आदी तेवढं भी चालत नव्हता.”

“मग बूट घालून का नाही जात?”

बायडीने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. लहान पोराला विस्तवापासून मागे ओढताना बघतात, तसं बघितलं.

“बूट घालून? पानमळ्यात?” ती म्हणाली. “देवाच्या गाभाऱ्यात जातीस बूट घालून?”

नेहमीसारखं रात्री नाही, आत्ताच, पालघरला रस्त्याकडेला स्कूटर लावून लिहिते आहे.

पानमळ्यात कुणी पायात काही घालून जात नाही. वेल देवाची मानतात. इथे सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून कुणी सांगत नाही. मला ‘पायताण काढ’ हे सहा डिसेंबरला सांगितलं होतं.

घरच्यांना वाटलं, काका घरात अनवाणी चालतात, तर मळ्यातही अनवाणी जातील. मला वाटलं, रस्त्यावर बूट घालून चालतात, तर मळ्यातही बूट घालून जातील. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच होता आणि त्याला वाक्याला नऊ सेकंद लागतात. त्याने बूट धुता येतो का असं विचारलं होतं. मी चिकटाबद्दल बोलले.

माझ्या अहवालातलं दुसरं वाक्य चूक आहे. पहिलंही, कारण ओल्या मातीत अनवाणी मी त्यांना कधी मोजलंच नाही.

२९ जानेवारी, बुधवार

शैलेश सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अहवाल बदल. आणि का बदलला तेही त्याच कागदावर लिही. आपली चूक पेनाने, पेशंटची पेन्सिलीने.” मग म्हणाले, “मीही कधी विचारलं नसतं.” हे सांत्वन असेल तर घेतलं नाही.

कुशलला फोन केला. मागे कारखान्याचा आवाज. “अरे रुक, दो मिनट, उसको हाथ मत लगा... हां मॅडम, बोला.”

“शुक्रवारचा अहवाल चुकीचा आहे.”

सगळं सांगितलं. “पण मग बाबा मला का नाही बोलले?”

“मी त्यांना विचारलं नव्हतं. तुम्ही?”

हे बोलायला नको होतं. पण तो चिडला नाही. “जेसीबीवाल्याला पंधराचा शब्द दिलाय,” म्हणाला.

“चौदा तारखेपर्यंत थांबा.”

“सोळा दिवसांत काय होणार मॅडम?”

“माहीत नाही.” पेशंटच्या नातेवाइकाला हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

“चौदा म्हणजे शुक्रवार. मी असेन.”

३१ जानेवारी, शुक्रवार

आधी काकांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “काका, मी चुकीचं लिहिलं. तुमची इच्छा नाही असं लिहायचा मला अधिकार नव्हता, कारण मी ती तपासली नव्हती.”

त्यांनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली. “बस.”

माई आतून म्हणाल्या, “चहा ठेवते. नाय म्हनालीस तर तुझ्याच डोक्यावर वतते.” प्यायले. साखर फार होती.

मग मोजणी. वाडीत नारळाच्या आळ्यांना पाणी सोडलं होतं, तिथल्या ओल्या मातीत, अनवाणी. तीस पावलांत दहा वेळा बोटं अडकली. तोल सदतीस. म्हणजे मळ्यात आज ते पडणार. हे मी त्यांनाच सांगितलं, कुशलच्या आधी. “मला... माहीत,” काका म्हणाले.

पंजा वर उचलून धरणारं काहीतरी हवं आणि तळवा मोकळा हवा. गुडघ्याखाली पट्टा, त्यातून लवचीक पट्टी खाली येऊन पावलाला अडकलेली. मी कागदावर काढून दाखवलं. पावलाभोवती एक पट्टा लागणारच होता. तो चालेल का? ओट्यावर सभा भरली.

कुशल म्हणाला, “चामडं नको, बस झालं.”

“चामड्याचं नाय रे,” माई म्हणाल्या. “पायाखाली आलं की पायताणच ते.”

“मग पट्टा कसा बांधणार? हवेत?”

बायडी पानं मोजत होती. मान वर न करता म्हणाली, “मना इळा लागला व्हता पायाला. चिंधी गुंडाळून आठ दिस आत काम केलं. शेठ काय बोलला नाय. वेल भी काय बोलली नाय.”

“ती जखम होती.”

“मंग शेठला काय हाय? हौस?”

माईंनी स्वतःचा पाय पुढे केला. “ही माझी जोडवी. चाळीस वर्सं आत जातात. चांदीची हायत म्हनून चालतात आन कापडाचं चालत नाय?”

सगळे काकांकडे बघू लागले. मी घड्याळ लावलं नाही. त्यांचा मळा, त्यांचा निवाडा.

“रस्त्याला... नाय लागलेलं,” काका म्हणाले. “कोरं कापड. मळ्याशीच... ऱ्हायचं. घरात... नाय आनायचं. चालंल.”

कुशल हळूच मला म्हणाला, “हे तर आमच्या कारखान्याच्या नियमांपेक्षा कडक आहे.”

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रदीपने पट्टी बनवली. नायलॉन. ओल्या मातीत दहा पावलांत घसरून घोट्याशी आली आणि पाऊल आतल्या बाजूला वळू लागलं. हे आधीपेक्षा वाईट. घोटा मुरगळू शकतो. काढली.

काकांनी विचारलं, “किती... मार्क?”

“मला शून्य.”

“पास,” ते म्हणाले. तेहेतीसला पास म्हणणाऱ्या घरात हेही चालतं.

चौदा तारीख दहा दिवसांवर. मला खात्री नाही. मी कुणालाही तसं बोलले नाही, इथे लिहिते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माईंनी कोऱ्या मांजरपाटाचा पट्टा शिवला, दुहेरी, पावलाच्या मधल्या भागाला घट्ट बसेल असा. कापड ओलं झालं की आवळतं, नायलॉनसारखं घसरत नाही. हे माईंना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी लवचीक पट्टी करंगळीच्या बाजूला जोडून घेतली, म्हणजे पाऊल आत वळणार नाही. माईंनी तीन वेळा उसवून तीन वेळा शिवली. चौथ्यांदा म्हणाल्या, “पोरी, तुझ्या नवऱ्याचं काय खरं नाय.” मला नवरा नाही हे सांगितलं. “म्हनूनच,” म्हणाल्या.

ओल्या मातीत तीस पावलं. बोटं दोनदा अडकली. पुन्हा तीस. एकदा.

कुशलला सुधारलेला अहवाल दिला. त्याने या वेळी मनात वाचला. शेवटी लिहिलं होतं: ‘मागील अहवालातील इच्छेबाबतचे विधान चुकीचे होते. रुग्ण रोज पहाटे, मदतीशिवाय, मळ्यात जाण्याचा प्रयत्न करीत होता.’ त्याने कागदाची घडी केली, परत उघडली, परत घडी केली. मग उठून बापाच्या पायाचा पट्टा सोडायला खाली बसला. काकांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः सोडला. पण त्याला तिथून उठू दिलं नाही, खांद्यावर हात तसाच ठेवला. तोल सांभाळायला असेल. बसलेले असताना तोलाला आधार लागत नाही, हे मी जाणून आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मळ्यात पहिल्यांदा आत. पुढे बायडी, मध्ये काका, मागे मी. पट्टा कुडाशी, खुंटीवर टांगलेला असतो. तिथेच बसून बांधला.

पहिली ओळ, बावीस खांब. काका प्रत्येक खांबाशी थांबले. मला वाटलं दम लागतो, म्हणून नाडी बघायला पुढे झाले. दम नव्हता. पानं उलटून बघत होते, पाठीमागची बाजू. बोटाने शेंडा मापत होते. चौदाव्या खांबाशी उजवा पाय सरीत गेला आणि ते डावीकडे कलले. मी तीन हात मागे होते, वाट एक फुटाची. पोचू शकत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी खांब पकडला. उजव्या हातानेही. अर्धी मूठ, पण पकडली. वेलीच्या वर, मोकळ्या लाकडाला.

सगळे थांबले.

“हे... लिहू नको,” काका म्हणाले.

“लिहावं लागतं.”

“मंग लिही... वेल नाय तुटली.”

लिहिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेसातला पोचले. कुशल आधीच आला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

काम असं चाललं. बायडी शिडीवर चढून वरचे बंध सोडते आणि वेल खाली घेते. काका खाली, लाकडी पाटावर बसतात आणि डाव्या हाताने वेटोळं फिरवतात. उजवा हात फक्त दाबून धरायला. गाठ त्यांना मारता येत नाही आणि यंदा तरी येणार नाही. ती कुशल मारतो. पहिल्या गाठीला काका म्हणाले, “वेल हाय... बैल नाय.” दुसऱ्या गाठीला काही बोलले नाहीत. पाचव्या गाठीला माई कुडाबाहेरून ओरडल्या, “शिकला काय रे?” कुशल म्हणाला, “वेल्डिंग सोपं आहे.”

प्रत्येक वेलीनंतर काकांना उठून पुढच्या खांबाशी जायचं असतं. खालच्या पाटावरून, खांब धरून, ओल्या मातीत. माझ्या चाचणीत असं काम नाही. दहा वाजेपर्यंत ते सतरा वेळा उठले. पहिल्या वेळी मी काखेत हात घातला, चौथ्यापासून नुसता जवळ धरला, नवव्यानंतर धरला नाही. दोनदा उठायला चुकले आणि परत बसले. एकदा बायडीने पाठीला गुडघा लावला. थकवा आहे. मळा मोठा आहे. रोज दोन तास धरले तर महिना लागेल, आणि मधे ताप आला किंवा पाय मुरगळला तर सगळं अर्ध्यावर राहील. कुशलला हे स्पष्ट सांगितलं. म्हणाला, “महिनाभर सकाळी येतो. माझी दुपारची पाळी आहे.”

सव्वादहाला त्याचा फोन वाजला. जेसीबीवाला. उद्या किती वाजता मशीन आणू, शेठना विचारून सांगा, असं तो विचारत होता. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

कुशलने फोन छातीशी धरला. “बाबा, काय सांगू त्याला?”

काकांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या हातात अर्धं वेटोळं होतं, आणि एकदा सुरू केलेलं वेटोळं मधे थांबवत नाहीत.

“बाबा?”

बायडी वरून, खांबाला धरून, म्हणाली, “सांग की त्याला, शेठ कामाला गेलाय.”

कुशलने फोन कानाला लावला आणि शब्दन् शब्द तेच सांगितलं.